झोक्यावरचं मागणं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कढईसमोर उभी होते. जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं केळ्याच्या वेफर्सचं दुकान आहे, आणि सकाळचा पहिला घाणा मीच काढते. फोनवर अक्काचा मुलगा होता, धुळ्याहून. "आई गेली… झोपेतच," एवढंच म्हणाला. तेल तापलेलं, हातात सोललेलं केळं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हे आधी अक्काला सांगायला हवं. काहीही झालं की अक्काला फोन, या सवयीला अक्काच नाही हे कळायला जरा वेळ लागला.

अक्का माझी आत्या, आबांची म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर धुळ्याच्या एका कॉलेजात तिने इतिहास शिकवला. मोठ्याने बोलायची, भरभर चालायची, निवृत्तीनंतरही स्कूटीवर धुळं पालथं घालायची. कॉलेज या गोष्टीवर तिचा इतका जीव, की शिकायला गेल्यावर पहिल्या दिवशी अमळनेरच्या कॉलेजचा जिना आपण कसा धावत चढलो हे ती सत्तरीतही हातवारे करून सांगायची. आणि तिनेच मला कॉलेजातून सोडवलं! हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

त्यासाठी आधी आमच्या घरची आखाजी सांगायला हवी. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस असतो, आणि त्या दिवशी पुरुषांनी पत्ते कुटले तरी कुणी बोलत नाही. पण आमच्या घरात आणखी एक रीत आहे. झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणीने एक गोष्ट मागायची आणि भावाने "दिधं" म्हणायचं, म्हणजे आमच्या अहिराणीत दिलं. बायका एरवी साडी मागतात, भांडं मागतात. मात्र अक्का शाळा संपवून घरी बसली त्या आखाजीला तिच्या आत्याने, जिने शाळेचं तोंडही बघितलं नव्हतं, झोका थांबवला आणि भावाला, म्हणजे माझ्या आजोबांना, म्हणाली, "हाई पोरले अमळनेरले शिकाले धाड." आजोबा तेव्हा पत्त्यात रंगले होते, हातात पानंही जोरदार आलेली. डाव मोडू नये म्हणून त्यांनी मान वर न करता "दिधं" म्हणून टाकलं. अक्का ही गोष्ट सांगताना आजोबांच्या हातातली पानं दर वेळी बदलायची. कधी तीन एक्के, कधी तीन राजे. आम्ही तिला पकडलं की म्हणायची, मी इतिहासाची बाई आहे, साधनं तपासणं सुरू आहे.

माझं उलटं झालं. बारावीला मार्क चांगले पडले म्हणून आबांनी मला जळगावच्या कॉलेजात घातलं. मी रोज पाचोऱ्याहून गाडीने जायचे आणि वर्गात बसायचे. कुणी त्रास दिला नाही, शिकवणारे भले होते, पण मला तिथे काही म्हणता काही करावंसं वाटत नव्हतं. माझा जीव रमायचा तो रस्त्यावरच्या वेफर्सच्या कढईपाशी. केळ्याच्या चकत्या थेट तेलात पडताना बघायच्या, मिठाचं पाणी शिंपडलं की तेल कसं उसळतं ते बघायचं… हळूहळू मी कढईवाल्या मावशींना हाताखाली मदत करायला लागले. एक दिवस पेपर तपासायला जळगावला आलेली अक्का अचानक समोर उभी. झारा माझ्या हातात, ऐन तासाची वेळ. मला वाटलं, आता संपलं सगळं. ती म्हणाली, "गरम शे का?" आणि तिथेच उभ्या उभ्या पुडा संपवला. मग स्टेशनपर्यंत माझ्यासोबत चालत आली. "तू कॉलेजचा जिना कसा चढतेस माहितीये?" तिने विचारलं. "दवाखान्याचा चढतात तसा. मगाशी कढईपाशी मात्र तुझे पाय जमिनीवर नव्हते."

त्या आखाजीला अक्का झोक्यावर बसली आणि आबांना म्हणाली, "भाऊ, हाई पोरले कॉलेजमाईन काढ. मी तठेच शिकाडस, म्हणीसन सांगस." कॉलेजात शिकवते म्हणूनच सांगते, असं तिनेच म्हटल्यावर आबा पांढरे पडले. त्यांना वाटलं बहीण गंमत करतेय. नंतर तिच्या कॉलेजातल्या लोकांनीही तिला बोल लावले, की स्वतः प्राध्यापिका आणि घरच्या पोरीला कढईपाशी उभी करते. अक्का त्यांना सांगायची, की वर्गात बळेच आणून बसवलेली पोरं मी इतकी वर्षं रोज बघते, त्यांच्याकडे बघून मला शिकवणंही सुचत नाही. आबांनी त्या दिवशी किती वेळ निंबाच्या पाल्याकडे बघितलं कोण जाणे, पण शेवटी "दिधं" म्हणाले. पुढचं सांगत बसत नाही, दुकान आहे, कामाला बायका आहेत, आणि आजही पहिला घाणा उतरला की माझे पाय जमिनीवर नसतात.

आता माझ्या यशाने केलेला घोटाळा ऐका. माझ्या भावाची मुलगी रेणू यंदा बारावी झाली. या पोरीला दगडांचं वेड आहे. गावात कुठे विहीर खणली की ही ढिगाऱ्यावर हजर. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पांढरे, काचेसारखे खडे निघतात, ते घरभर मांडलेले. तिला पुण्याला जाऊन भूगर्भशास्त्र शिकायचंय. दादा काय म्हणाला? "आत्याने कुठे कॉलेज केलं? तिचं काय अडलं? तिच्याच दुकानात बस." मी हे ऐकलं तेव्हा इतकी भडकले, की दादाशी धड भांडताही आलं नाही. मी काय पुरावा आहे का, कुणीही उचलून दाखवायला? मला नको होतं म्हणून मी सोडलं. या पोरीला हवंय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हवंय. तिच्या हातात झारा देणं आणि मला त्या वर्गात कोंडणं यात फरक तो काय?

अक्काची शेवटची भेट यावरच झाली. मी धुळ्याला वेफर्सची पिशवी घेऊन गेले होते. ती थकली होती, पण रेणूचं नाव निघताच उठून बसली. "या आखाजीला मी येते," म्हणाली. "झोक्यावर बसते आणि तुझ्या दादाकडे मागते." मी म्हटलं, आत्ता फोनच कर ना. तर हसली. "फोनवर तो 'बघू' म्हणेल. झोक्यासमोर 'बघू' चालत नाही." आणि मग वेफर खाता खाता तिने पुन्हा एकदा तो अमळनेरचा जिना चढून दाखवला, बसल्या जागी, नुसत्या हातांनी… आम्ही दोघी खोकला येईस्तोवर हसलो.

आणि आखाजीच्या आधीच ती गेली. आखाजीला गेलेल्यांसाठी पुजतात ती पाण्याची घागर तिच्या नावाने धुळ्याला तिच्या मुलाने पुजली. इकडे मी माहेरी पोचले तर दादाने सांगितलं, यंदा दुःख आहे, झोका नको. बरोबरच होतं त्याचं. पण झोका नाही म्हणजे मागणं नाही, आणि प्रवेशाचे दिवस काही आपल्यासाठी पुढच्या आखाजीपर्यंत थांबत नाहीत. रेणू कोपऱ्यात तिचे खडे पुसत बसली होती. तेवढ्यात माळ्यावर खुडबुड झाली. आबा, ज्यांना गुडघ्यांमुळे पायरीही चढवत नाही, ते शिडीवरून झोक्याचा पाट खाली देत होते. दादा धावला. "आबा, यंदा कसाले?" आबांनी दोर खांद्यावर घेतला. "अक्काना झोका शे. बांध."

अक्काचा झोका म्हटल्यावर दादाने बांधला. मी बसले. एक झोका घेतला, पाय टेकवले आणि म्हटलं, "दादा, रेणूले पुण्याले शिकाले धाड." दादाने दोराची गाठ पुन्हा ओढून बघितली. "एकटी पोर, एवढ्या लांब… बघू," म्हणाला. आबा ओट्यावरून म्हणाले, "झोकासमोर 'बघू' नही." मग दादाने रेणूकडे बघितलं. तिच्या मुठीत खडा होता, इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी झालेली. बापाला आणखी काय दिसलं ते त्यालाच माहीत. तो म्हणाला, "दिधं."

रेणू धावत आली. तिला जवळ घ्यायला मी सरकायला गेले, तर सरकायची गरजच नव्हती. अक्का कायम पाटाच्या डाव्या कडेला बसायची, शेजारी कुणाला तरी बोलावण्यासाठी जागा ठेवून. तेवढीच बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे आणि मी नकळत तिथेच बसले होते. रेणू उजवीकडे टेकली, आणि आबांनी, गुडघे विसरून, आम्हाला झोका दिला.

रेणू आता पुण्याला जाण्याच्या तयारीत आहे आणि वाटेत कुठे कुठे घाट लागतात ते सगळ्यांना सांगत सुटली आहे. झोका सोडला, पण पाट या वेळी माळ्यावर ठेवायचा नाही असं आबांनी सांगितलंय. तो ओसरीत, भिंतीला टेकून उभा आहे. उजवी बाजू अजून खरखरीत आहे, बसलं की साडीचे धागे निघतात. रेणूला म्हटलं, दर आखाजीला येऊन तिथे बसायचं.