बॅटला ओठ नसतात

"रविवारी कुठी आहा?"

फोनवर त्यांचं पहिलं वाक्य हेच असे. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. अमरावती-अकोल्याकडे क्रिकेटचे पंच म्हणून उन्हात उभं राहणाऱ्या, किंवा माझ्यासारखं झाडाखाली टेबल मांडून धावा लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं आहे. कुणी म्हणालं, "भाऊ, या रविवारी साळ्याचं लगन हाय," तर पलीकडून शांतपणे उत्तर येई, "लगन सायंकाळचं हाय. मॅच सकाळची." पत्रिका त्यांनी आधीच वाचलेली असे.

त्यांना सगळे भाऊ म्हणत. आमच्या पंच आणि गुणलेखकांच्या संघटनेचे ते सचिव होते. संघटना म्हणजे फार मोठं काही नव्हतं. वलगाव रस्त्यावरच्या त्यांच्या घराची पुढची खोली, तिच्यात एक लोखंडी कपाट, आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातलेले पंचांचे पांढरे कोट. नव्या पंचांकडे कोट नसत, म्हणून संघटनेचे ठेवलेले. ते धुण्याचं काम अर्थातच वहिनींकडे. "मले वाटलं गिरणीतल्या माणसाशी लगन करून राहिली," त्या म्हणत. "हा तं लाँड्रीवाला निंघाला." एकदा शेजारच्या गल्लीतल्या एक बाई तारेवरचे कोट पाहून पोटदुखीचं औषध मागायला आल्या. भाऊंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः रिक्षा करून दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर नसल्याचं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. "त्या बिचारीले कायले शरम," एवढंच म्हणाले.

माझी आणि त्यांची ओळख अशीच, मैदानावर झालेली. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे आणि सुटीच्या दिवशी मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसत असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या कोटातला एक उंच, सावळा माणूस माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सर, वाचाले येता का मॅच पाहाले?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मंग स्कोअर सांगा."

मी सांगितला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पुस्तकाकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी कुठी आहा?"

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. शनिवारी त्यांच्या खोलीत कायद्यांचा वर्ग भरे. कायदे इंग्रजीत, आणि येणारे पंच शेतीवाडीतले, एसटीतले, शाळांतले. म्हणून मराठी करण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी ऐकून ते कधी कधी डोळे मिटून घेत. 'डेड बॉल'साठी मी 'मृत चेंडू' सुचवलं तेव्हा म्हणाले, "चेंडू मरत नाई सर, झोपते. बॉलर धावाले लागला का उठते." वर्गात सगळे हसले. पण कायदा सगळ्यांच्या कायमचा लक्षात राहिला, तो त्यांच्याच वाक्यामुळे.

आज मागे पाहताना वाटतं, त्यांचं खरं काम कोट आणि वर्ग हे नव्हतंच. पूर्वी अमरावतीची पंचमंडळी वेगळी होती आणि अकोल्याची वेगळी. दोन गावांचा सामना म्हणजे भांडण ठरलेलं. ज्याचं मैदान त्याचा पंच, आणि ज्याचा पंच त्याचा निकाल, असं लोक उघड बोलत. तुम्हीही अशी मैदानं पाहिली असतील. भाऊंनी वर्षानुवर्षं एसटीनं अकोल्याच्या खेपा घातल्या. तिथल्या गावंडेंना त्यांनी गाठलं. गावंडे हे अकोल्याचे जुने पंच, आडदांड, तोंडानं फटकळ. तरुणपणी दोघं एकमेकांविरुद्ध खेळलेले. दोघांनी मिळून एकच संघटना केली. गावंडे सहसचिव झाले. पंचांच्या परीक्षेला बसणाऱ्या अमरावतीच्या उमेदवारांचे पेपर अकोल्यात तपासायचे, अकोल्याचे अमरावतीत, असं ठरलं. हळूहळू ओरड थांबली. लोक पंचांना विसरून खेळ पाहू लागले. भाऊंना एवढंच हवं होतं.

त्यांची नोकरी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात, यंत्रमागांच्या खात्यात होती. त्याआधीही आयुष्य मागांपाशीच गेलेलं.

मधल्या काळात कधीतरी त्यांचे फोन येणं बंद झालं. गुरुवारी संध्याकाळी ते स्वतःच स्कूटरवरून दारात येऊ लागले. फाटकातूनच, "रविवारी कुठी आहा?" कुणी म्हणालं, भाऊ, ग्रुपवर टाका ना. ते म्हणाले, "वाचलं का नाई वाचलं, काय मालूम. तोंड पायलं का समजते." आम्हाला ते फार आवडलं. सचिव घरी येतात, असं आम्ही अभिमानानं सांगत असू.

मग अकोल्याचा तो सामना झाला.

अमरावती आणि अकोल्याच्या दोन संघांचा अंतिम सामना होता. संघटनेच्या नियमाप्रमाणे एक पंच अकोल्याचा, तो गावंडे; एक अमरावतीचा, ते भाऊ. मी गुणलेखकाच्या टेबलावर होतो. अमरावतीला थोड्या धावा हव्या होत्या आणि एकच चांगला फलंदाज उरला होता. गोलंदाज भाऊंच्या बाजूनं आला. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. आवाज स्वच्छ आला, वाळलेली काडी मोडावी तसा. सगळं मैदान ओरडलं. भाऊ निश्चल उभे होते. त्यांनी मान हलवली. नाबाद.

त्याच फलंदाजानं सामना जिंकून दिला.

"अमरावतीचा अंपायर, अमरावतीची बॅटिंग! मंग काय!" मंडपातून कुणी ओरडलं. दुसरा म्हणाला, "विकला गेला बुढा." गावंडे मैदानातून बाहेर आले ते भाऊंशी न बोलता, कोट खांद्यावर टाकून सरळ निघून गेले. भाऊ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

थोड्याच दिवसांत वार्षिक सभेची सूचना आली. सभा अकोल्यात होती, आणि विषयांत एक नवा विषय होता: अकोल्याची वेगळी संघटना. प्रस्तावावर गावंडेंची सही होती.

सभेच्या आधी एका दुपारी भाऊ माझ्याकडे आले. वहिनीही सोबत होत्या. भाऊंनी खुर्ची ओढली आणि ते अगदी माझ्या समोर बसले.

"सर, खरं सांगा. तुमाले आवाज आलता?"

"आला होता," मी म्हणालो.

"इतक्या दूर, टेबलापावतर?"

"हो."

ते खिडकीकडे बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "सांगून द्या आता सरले. किती दिवस लपवान?" ते बघतच राहिले. तेव्हा वहिनींनी त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी तोंड वळवलं, आणि वहिनींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं.

"मागापाशी कोणालेच ऐकू येत नाई, सर," ते म्हणाले. "आमी एकमेकांचे ओठ वाचतो. तेच बाहेर बी चालून गेलं. फोनचं तेवढं जमत नव्हतं." मग म्हणाले, "माणसाचे ओठ वाचता येते. बॅटले ओठ नाई."

मी विचारलं, मग इतके दिवस कसं चालवलं?

"कीपरचं तोंड पायतो. खोटं अपील करते त्याचे डोये आधी माह्याकडं येते. खरं असलं तं तो हातातल्या बॉलकडं पायते. त्या दिवशी त्याच्या तोंडावर टोपीची सावली होती. दिसलंच नाई."

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा, पंचाच्या चुका होत नाहीत का? बहिरा म्हटलं की मैदान बंद. "मंग घरात बसून काय करान? माह्यावर अंपायरिंग करान?" हे मैदान म्हणजे त्यांच्या नवऱ्याला काय आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

भाऊ म्हणाले, "चूक म्हटली तं ते म्हणतीन, चूक अमरावतीकडंच काहून झाली? त्याले माह्यापाशी उत्तर नाई. बहिऱ्या कानाले गाव नसते."

सभा एका शाळेच्या वर्गात होती. उन्हाळा होता, कूलर घरघरत होता, आणि माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलत होती. गावंडे उभे राहिले. लांबलचक बोलले नाहीत. "मी तिथंच उभा होतो. मले आवाज आला. भाऊले कसा नाई आला? याचं उत्तर द्या, मंग मी सही मागं घेतो."

शेवटच्या बाकावरचा एक पंच शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. भाऊ उठता उठता त्याच्याकडे बघून म्हणाले, "रडत नाई बापा. सांगून राहिलो." त्या माणसाचा चेहरा उतरला. एवढ्या आवाजात आपलं पुटपुटणं पुढच्या रांगेत कसं पोचलं, हे त्याला कळेना.

भाऊ फळ्यापाशी गेले आणि सभेकडे पाठ करून उभे राहिले.

"गावंडे, माह्या मागं या. अन् मले हाक मारा."

कुणीतरी कूलर बंद केला. गावंडे चिडलेलेच होते. हे काय नाटक, अशा चेहऱ्यानं ते जागेवरून उठले आणि भाऊंच्या पाठीमागे उभे राहिले.

"भाऊ."

भाऊ फळ्याकडे बघत होते. फळ्यावर कुठल्या तरी वर्गाचं अर्धवट गणित राहिलेलं होतं.

"ओ भाऊ!"

मागच्या बाजूला कुणी हसलं आणि लगेच थांबलं. मग गावंडेंनी त्यांना नुसत्या नावानं हाक मारली, तरुणपणी मैदानावर मारत असतील तशी, पूर्ण ताकदीनं. दाराबाहेर उभा असलेला शिपाई आत डोकावला. भाऊ हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं, न वळता, भाऊंनी विचारलं, "मारली का हाक?"

गावंडे पुढे झाले आणि खांद्याला धरून त्यांनी भाऊंना आपल्याकडे वळवलं.

"बेइमान नाई, गावंडे," भाऊ म्हणाले. "बहिरा झालो."

मग त्यांनी सचिव म्हणून एक ठराव मांडला. पंचांचे डोळे दर वर्षी तपासतो, तसे कानही तपासावेत. सुरुवात सचिवापासून व्हावी. ठराव मंजूर झाला. वेगळ्या संघटनेचा कागद गावंडेंनी घडी करून खिशात ठेवला. तो पुन्हा कधी बाहेर आला नाही.

त्यानंतर भाऊंनी कोट घातला नाही. मुलीनं आग्रहानं कानाचं यंत्र आणलं. ते लावून पहिल्या दिवशी मला म्हणाले, "सर, अमरावतीत एवढे कावळे होते का आधी?" पण पंचाच्या कामाला ते यंत्र पुरत नव्हतं; सगळे आवाज एकाच जागेतून येतात, म्हणत. मग ते माझ्या शेजारी बसून धावा लिहू लागले. षटक संपलं की दोन गुणलेखकांनी आकडे जुळवायचे असतात. ते पेन थांबवून माझ्या तोंडाकडे बघत, आणि मी आकडा म्हणे. मधल्या वेळी खेळपट्टीकडे बघत बसत. मी तेव्हा पुस्तक उघडत नसे.

गेल्या हिवाळ्यात, साखरझोपेतच, ते गेले. गावंडे सगळ्यांच्या आधी पोचले होते. नेमणुका आता ग्रुपवर येतात, वेळेवर येतात, चुका नसतात. गुरुवारी संध्याकाळी फाटक वाजत नाही.

पण मला ते आठवतात ते अंत्ययात्रेतले नाहीत, टेबलावरचेही नाहीत. सभेच्या त्या दिवशी आम्ही परतीला निघालो तेव्हाचे आठवतात. ऊन फार म्हणून एसी बसची तिकिटं काढली होती. तिच्या काचा उघडत नाहीत. भाऊ खिडकीशी बसले, मी शेजारी. बस सुटायला आली तेव्हा अकोल्याच्या स्टँडवरच्या गर्दीतून गावंडे जवळजवळ धावतच आले आणि खिडकीखाली उभे राहून बोलू लागले. हातवारे करत, बोट रोखत, मधेच कपाळावर हात मारत. इंजिन चालू होतं, काच जाड होती. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"शिव्या देऊन राहिला," भाऊ म्हणाले. "आधी काहून नाई सांगितलं म्हणते."

बस मागे सरली आणि वळली. गावंडे तिच्यासोबत चालत होते, बोलणं चालूच होतं. भाऊंनी कपाळ काचेला टेकवलं होतं. एकेक शब्द ऐकत, हो हो म्हणत, ते मान हलवत होते.