सुमनबाईंचा खटला आणि आमचे अप्पा

माझी पहिली गाठ पडली ती ॲड. महालिंगअप्पांच्या रागाशीच. वकिलीची नवी सनद घेऊन बीडला त्यांच्या ऑफिसात गेलो होतो. तिथं एका पक्षकाराला मी विचारलं, "काय काम आहे?" अप्पा आतून कडाडले, "आधी पाणी विचारा माणसाला! काम पळून चाललंय का?" आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो, तरी तो आवाज कानात आहेच.

ते खासगीकरणाच्या गप्पांचे दिवस होते. आजारी नोकरदार म्हणजे संस्थेला ओझं, असं चांगली शिकलेली माणसंसुद्धा खुशाल बोलत. अशात पाटोद्याच्या सुमनबाई आमच्याकडे आल्या. त्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका. संधिवातानं बोटं आखडली, खडू धरवेना, म्हणून संस्थेनं त्यांना नोकरीवरून काढलं होतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, असा कायदा तेव्हा नुकताच आला होता. आमच्याकडे तो कुणी धड वाचला नव्हता. अप्पांनी वाचला होता.

सुनावणीत घात झाला तो मात्र घरच्यांकडून. बाईंच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. सुमनबाईंचे सासरे, धारूरकडचे साधे शेतकरी, आमच्याच बाजूचे साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "साहेब, सूनबाईला काईच न्हाई झालं. लई ठणठणीत हाय!" समोरचे वकील गालात हसले. आजारच नाही, तर त्या कायद्याचा आधार कसला? अरे देवा!

अप्पांनी त्या म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडलं नाही. इतकंच विचारलं, "बाबा, नातीचं जमत आलंय का?"

सासऱ्यांना रडूच फुटलं. "व्हय साहेब. आईला असला रोग हाय म्हणल्यावर पोरगी कोण करील?"

अप्पा खाली बसले. तेवढ्यात सुमनबाई आपणहून उठल्या. "साहेब, मामंजी मायेपोटी बोलले. माझी बोटं वळत नाहीत. मला शिकवता येतं. दोन्ही खरं आहे."

नोकरी परत मिळाली. फळ्यावर मुलं लिहू लागली, बाई शिकवू लागल्या. स्थळ मात्र मोडलं. आम्ही हौसेनं पेढे आणले, अप्पांनी शिवलेही नाहीत. "जिंकलो आपण, भोगलं पोरीनं," म्हणाले. पुढं दुसरं स्थळ आलं, तेव्हा अप्पा स्वतः बैठकीला जाऊन बसले. चहा यायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "मुलीच्या आईला संधिवात आहे आणि ती शाळेत शिकवते. चालत असेल तर पुढचं बोलू." ते लग्न झालं.

आता अप्पांना कंपवात आहे. हातात कागद ठरत नाही. "अप्पा, आता आराम करा," असं म्हणणारे कोण, तर आम्हीच त्यांचे चेले! परवा एका सहकाऱ्यांनी तसं म्हटलंच. अप्पा म्हणाले, "कावून? आराम कशापायी? बोलता येतंय की मला."

गौरवलेखाच्या शेवटी निरोगी आयुष्य चिंतण्याची रीत आहे. पण अप्पा, तुमच्यासमोर खोटं कसं बोलू? हा आजार जायचा नाही. त्याच्यासकट तुम्हाला शंभरी लाभो. तुम्ही उभे राहा, बोला. कागद आम्ही धरतो.