मागच्या सीटवरचा ब्रेक

दुधाच्या डेअरीत पाइप धुवायच्या कॉस्टिक सोड्याची नळी फुटली आणि फिटरचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. सुरुवातीला माणसांची रीघ लागली. मग एकेक जण यायचा थांबला. बायको सकाळी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची, आणि मागे घरात तो आणि शेजारच्या घरांतले आवाज. बसून बसून त्याचं अंग सुटलं, जीभही सुटली. चहा गार झाला म्हणून ओरडायचा, गरम असला तरी ओरडायचा.

"याला घराबाहेर काढलं नाही ना, तर मीच एक दिवस घर सोडीन," बायको एकदा थोरल्या बहिणीजवळ रडली.

बहिणीचा नवरा शेजारीच बसला होता. गावात त्याचा ड्रायव्हिंग क्लास होता. निम्मं गाव त्याच्याच शिव्या खात गाडी शिकलेलं, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं त्या वेळी नुसतं "हं" केलं. पण पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याकडून एक लांबलचक धूड आणून त्यानं फिटरच्या दारात टेकवलं.

"हात लावून बघ, साडूबुवा. काय आहे सांग."

फिटरनं चाचपलं. दोन सीटा, दोन हँडल, दोन पेडलांच्या जोड्या आणि नावाला चेन. "जोडसायकल? हिच्यात गंजाशिवाय काय उरलंय?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणली. पुढे मी, मागे तू. तू फक्त पाय मारायचे आणि तोंड बंद ठेवायचं."

फिटरनं ती सायकल बोटांनीच खोलली आणि बोटांनीच जुळवली. शेवटी मागच्या हँडलला त्यानं स्वतःसाठी एक वेगळा ब्रेक बसवून घेतला. मास्तरला ते लागलं.

"विश्वास नाही होय माझ्यावर?"

"आहे ना. पण उतारावर तुमच्या हातात जीव द्यायचा, तर निदान एक बोट तरी माझं असू दे."

मास्तर खो खो हसला होता तेव्हा.

गावामागून डोंगरात चढणारा एक जुना रस्ता होता. बोगदा होऊन मोठा रस्ता खालून गेला आणि या वरच्या रस्त्याकडे गाड्यांनी पाठ फिरवली. दर रविवारी सकाळी दोघं तिकडं निघत. चढ लागला की मास्तर म्हणे, "लाव जोर!" खड्डा आला की "ढुंगण उचल!" आणि अधूनमधून न विचारता सगळं सांगे. डावीकडं तळं आहे, कडेला बगळा उभा आहे, पोस्टातल्या साहेबासारखा, कामाला हात न लावता. फिटरला चढाच्या शेवटी छाती फुटेस्तोवर दम लागे, मग वाऱ्याची दिशा बदले, चाकं आपोआप पळायला लागत आणि तेवढा वेळ तो आंधळा नसे. घरी येऊन तो हसतमुखानं जेवे. बायको बहिणीला म्हणाली, "भाऊजींनी माझा संसार वाचवला बघ."

अशी काही वर्षं सुखात गेली.

मग मास्तरकडून खड्डे सांगायचे राहायला लागले. आधी एखादा, मग बरेच. फिटरचं कंबरडं मोडायचं, पण तो म्हणायचा, वय झालं, लक्ष नसेल. एका सकाळी माथ्याजवळ मास्तर म्हणाला, "निलगिरीची रांग काय डोलतेय रे आज!" फिटर पाय मारायचा विसरला. त्याला पानांची सळसळ ऐकू येत नव्हती. चाकांखाली सालपटं कुरकुरत होती आणि हवेत ओल्या लाकडाचा वास होता. झाडं तोडून नेली होती. मास्तर त्याला आठवणीतलं सांगत होता.

त्या दिवसापासून फिटर कानाडोळा करायला शिकला. बोलायचं म्हटलं तर काय बोलायचं? मास्तरचे डोळे अधू झालेत हे बाहेर फुटलं तर त्याचा क्लास बंद, म्हणजे ताईंच्या घरची चूल बंद. आणि खरं सांगायचं, तर त्याच्याही पोटात वेगळीच भीती होती: रविवार बंद. पुन्हा ती खोली आणि शेजारचे आवाज. तो बोलला नाही. फक्त उतारावर आपला ब्रेक जास्त ओढायला लागला.

"कशाला आवळतोस सारखा?" मास्तर चिडायचा.

"हात आखडलाय जरा."

"मग घरी बस!"

एका रविवारी उतारावर असंच वाजलं होतं दोघांचं. "आज ब्रेकला हात लावलास तर इथंच उतरवून जाईन," मास्तरनं दम दिला होता. फिटरनं बोटं हँडलवर नुसती टेकवून ठेवली. वळण घेतल्यावर त्याला पुढून आवाज आला. पत्र्याचे रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते, चालीच्या ठेक्यात.

"मास्तर, पुढे कुणीतरी आहे."

"दिसतंय मला."

डबे जवळ आले. सायकल तसूभरही वळली नाही.

"मास्तर!"

"अरे दिसतंय म्हणतो ना!"

फिटरनं ब्रेक ओढला, पण वेळ गेली होती. पत्र्याचा मोठा आवाज झाला, एक बाई किंचाळली आणि तो रस्त्यावर आपटला. उठून बसला तेव्हा डबा उताराला लागून अजून गडगडत चालला होता. बाई एकाच सुरात कण्हत होती. मास्तर पुन्हा पुन्हा म्हणत होता, "एकदम मधे आली. एकदम मधे आली हो."

वरच्या वस्तीवर शेळ्या पाळणारी बाई होती. झऱ्याचं पाणी आणायला निघाली होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हवालदार आला आणि त्यानं मास्तरचा जबाब घेतला: बाई अचानक रस्त्याच्या मधे आली. मग फिटरकडे वळून तो ओशाळं हसला. "तुम्हाला काय विचारणार म्हणा."

फिटर बाहेर बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळानं त्या बाईची मुलगी बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसली.

"काका, आई म्हणते ती कडेनं चालली होती. खरं काय ते तुम्हीच सांगा."

"मला काय दिसणार, बाळ?" फिटर म्हणाला.

आंधळेपणाचा असा उपयोग त्यानं आजवर कधी केला नव्हता. मुलगी उठून गेली.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. निलगिरी, खड्डे, डबे, सगळं. तिनं भांडी घासायचं थांबवलं.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आता तरी सांगतोय."

"मला सांगितलंत, झालं. बाहेर अवाक्षर काढू नका. ताईचं घर उघड्यावर पडेल. त्या माणसानं तुम्हाला खड्ड्यातून वर काढलंय, विसरू नका."

तो विसरला नव्हता. म्हणून आधी मास्तरकडेच गेला. मास्तर क्लासच्या गाडीत बसला होता. फिटर चाचपत शेजारच्या सीटवर बसला.

"किती दिसतं, मास्तर?"

मास्तरनं गाडीची काच वर केली. मग मास्तर हळू आवाजात म्हणाला, "मधलं जातंय. कडेचं दिसतं. मान जरा तिरकी केली की सगळं दिसतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सगळंच जाईल म्हणाले. थांबवता येत नाही."

"मग ही गाडी बंद करा."

"स्टिअरिंग पोरांच्या हातात असतं. मी फक्त ब्रेकवर."

"मास्तर, त्या बाईला तुम्ही पाहिलंच नव्हतं."

"आणि तू?" मास्तर उसळला. "तुला ठाऊक होतं ना सगळं? तरी दर रविवारी शर्ट घालून दारात उभा असायचास! तेव्हा नाही तोंड उघडलं?"

बाहेर एक शिकाऊ मुलगी येऊन काचेवर टकटक करत होती. "सर, निघायचं?" मास्तर म्हणाला, "बस." आणि फिटरला म्हणाला, "उतर."

फिटर उतरला. गाडी आचके देत निघून गेली. तो आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग काठीनं फुटपाथची कड धरून, चुकत, विचारत एकटाच पोलीस चौकीत गेला आणि हवालदाराला म्हणाला, "माझा जबाब लिहून घ्या. मला दिसलं नाही, पण ऐकू आलंय. आणि मला माहीत होतं, तेही लिहा."

डोळे तपासल्यावर मास्तरचं लायसन्स गेलं आणि क्लास दुसऱ्यानं घेतला. त्याच्यावर खटला झाला आणि त्याला शिक्षा झाली; वय आणि डोळे बघून कोर्टानं ती सौम्य केली एवढंच. ताई उतारवयात एका दुकानाच्या गोदामात पाकिटं भरायला जाऊ लागल्या. त्या दारात येऊन बहिणीला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, आता त्याला सोबत मिळाली." त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नाही. बायकोनं फिटरला शिव्या दिल्या नाहीत, जेवायला वाढलं, पण कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. शेळ्यावाल्या बाईला चालता येऊ लागलं, एक पाय ओढत. तिच्या मुलीनं शेळ्या विकल्या आणि आईला घेऊन ती खाली गावात राहायला आली.

मास्तरचे डोळे वर्षभरात पुरते गेले. ते कळल्यापासून फिटर दर रविवारी त्याच्याकडे जातो. कपात बोट घालून चहा किती झाला ते कसं ओळखायचं, पायरीची कड काठीला कशी लागते, गर्दीत आपलं माणूस चालीवरून कसं ओळखायचं, असं बरंच काही त्याला सांगायचं आहे. बायको त्याला कोपऱ्यापर्यंत सोडते आणि तिथंच थांबते. तो बेल वाजवतो. आत रेडिओ चालू असतो, तो खट्कन बंद होतो. मग ताई दार जरासं उघडून म्हणतात, "झोपलेत."

"बरं," फिटर म्हणतो. "पुढच्या रविवारी येतो."