दोन बांबू पाणी

नानांच्या हातात कुठलाही फोटो द्या, ते आधी तो उलटून मागचा कोरा कागद बघत. नुसता बघत नसत, खिडकीपाशी उजेडात धरून निरखत. मग सुलटा करून विचारत, "यामा मी कथा शे?" म्हणजे, यात मी कुठे आहे?

फोटो आकाशातून काढलेला असे. त्यात नाना म्हणजे तळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका, तोही त्यांच्या टोपीचा. तो दाखवला की त्यांचं समाधान होई.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. सुरतेच्या कडेला एक तळं आहे. त्यात जलपर्णी माजली होती. तुम्हीही पाहिली असेल. जिची जांभळी फुलं दिसली की लोक कौतुकाने मोबाईल काढतात, तीच. ती किती वाढली आणि किती काढली हे मोजायचं कंत्राट आमच्या लहानशा कंपनीला मिळालं. दर पंधरा दिवसांनी ड्रोन उडवायचा, फोटो जुळवायचे, मग संगणक त्यात रंग भरणार. पाणी निळं, जलपर्णी पोपटी, जमीन गडद हिरवी. पूर्वी काठावरचा एखादा म्हातारा "लई वाढली" म्हणाला की भागायचं. आता तेवढंच सांगायला आम्ही पाच जण आणि एक एसी लागत होतो.

संगणक खरं बोलतो की थापा मारतो, हे पाहायला नाना होते. ड्रोन उडताना ते तळ्यात होडीतच असत. नंतर फोटोची प्रत घेऊन ते पुन्हा होडीत बसत, खुणा केलेल्या जागी बांबू खुपसत आणि परत येऊन फोटोखाली सही करत. त्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नसे.

नाना मूळचे खानदेशातले, तापीकाठचे. बाप नावाडी. स्वतः त्यांनी सुरतेच्या गोडादऱ्यात राहून उभी हयात यंत्रमागावर काढली. मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही ते पार रस्त्याला ऐकू जाईल अशी सांगत. कापडाचं काम सुटल्यावर पुन्हा होडी हाती आली, एवढाच त्यांना आनंद.

फोटो उलटायच्या त्यांच्या सवयीला आम्ही पोटभर हसायचो. एकदा मी विचारलंच.

"कापड उलटं करी देखो, भाऊ," ते म्हणाले. "खोट मांगे दिखस."

"पण नाना, हा कागद आहे."

"कागद काय नि कापड काय. दाखाडनारा पुढलीच बाजू दाखाडस."

आम्ही यावरही हसलो. हसण्याचा पगार वेगळा मिळत नव्हता, तरी आम्ही ते काम मन लावून करायचो.

आमचे साहेब सुरतचेच. त्यांचा सगळा कारभार एका शब्दावर चाले: "चालशे." ड्रोनचं पातं तुटलं, चालशे. फोटो धूसर आला, चालशे. एका हिवाळ्यात मात्र त्यांना 'चालशे' म्हणायचीही गरज पडली नाही, कारण संगणकानेच चमत्कार केला. तळ्याच्या एका कोपऱ्यात जलपर्णी इतकी दाट झाली होती की तिच्यावर गवत उगवलं होतं. संगणकाने ते गवत पाहिलं आणि तो कोपरा गडद हिरवा रंगवून टाकला. म्हणजे जमीन. जलपर्णी एका फटक्यात कमी झाली. तिला कुणी हातही लावला नव्हता.

साहेबांना भरून आलं. "आ तो बगीचो छे!" ते म्हणाले. जिथे बगीचा आहे तिथे झाडं लावायला पाहुणे बोलवायला हवेत, हेही त्यांनी त्याच दमात ठरवलं. आता फक्त नानांची सही हवी होती.

नाना फोटो घेऊन गेले, संध्याकाळी परत आले. "साहेब, तठे पानी शे. मना बांबू बुडस. काठवरतून मैदान दिखस ते. पोरं खेळाले जातीन नि खाले जातीन."

"नाना, कंप्युटर जमीन बोलता है. सही करी दो ने."

नानांनी फोटो माझ्या टेबलावर ठेवला. "व्हयी गयं मनं काम," म्हणाले आणि निघून गेले. मी फोटोखाली पाहिलं. जागा कोरीच होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तू करी दे. चालशे."

मी केली, नानांच्या नावाने. मला कुणी धमकावलं नव्हतं. त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते आणि मला लवकर निघायचं होतं. एवढंच कारण. दुसऱ्या दिवसापासून नानांना येऊ नका असं कळवण्यात आलं.

झाडं लावायच्या दिवशी आम्ही तळ्यावर पोचलो, तर बगीच्याच्या बरोबर मध्यावर नाना होडीत बसलेले. होडी डुलत होती. बगीचाही डुलत होता. काठाच्या बाजूने त्यांनी बांबू रोवून साड्यांचे लाल काठ बांधले होते. माग चालतात त्या वस्तीत अशा चिंध्यांना तोटा नसतो.

पाहुण्यांनी विचारलं, बगीच्यात होडी कशी?

"डेकोरेशन छे," साहेब म्हणाले.

पाहुण्यांना ते आवडलं. त्यांनी काठावरच एक रोप लावलं आणि सगळे नाश्त्याकडे वळले. नानांना नाश्त्याला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

पुढच्या फोटोत संगणकाने होडीला बाक मानलं आणि लाल चिंध्यांना फुलझाडं. 'उद्यानात बसण्याची व फुलझाडांची सोय झाली आहे', असं अहवालात गेलं. ते वाक्य मीच लिहिलं.

परवा नानांची मुलगी ऑफिसात आली. नाना गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. म्हणाली, "भाऊ, घरी लावायला नानांचा एक फोटो जोइए. आमच्याकडे आधार कार्डचाच आहे. तुमच्याकडे तर खूप असतील ना?"

खूप होते. मी सगळा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. पहिलाच फोटो घेऊन ती म्हणाली, "यात नाना कुठे?"

मी ठिपका दाखवला. दुसऱ्यात दाखवला. तिसऱ्यात दाखवला. माणसाने आमच्यासाठी एवढी वर्षं पाण्यात काढली आणि आमच्याकडे त्याचा चेहरा नव्हता. मला लाज वाटली.

एकेक फोटो ती आधी उलटून बघत होती. मागवाल्याची पोर, सवय कुठे जाणार. एका फोटोपाशी ती थांबली आणि मागचं मोठ्याने वाचू लागली. बापासारखाच खणखणीत आवाज.

"इथे सगळं पाणी आहे. दोन बांबू खोल. पोरं येतात. कुंपण घाला." खाली सही.

मी तिच्या हातातला फोटो ओळखला. बगीच्याचा होता. त्या संध्याकाळी तो माझ्या टेबलावर होता, आणि मी फक्त पुढून पाहिला होता.

"नानांचीच सही आहे," ती बोटाने अक्षर चाचपत म्हणाली. मग तिने फोटो सुलटा केला. "आणि ही पुढची कोणाची?"