कमानीविना दार

नागपुरात रेल्वेच्या रुळांपलीकडे एक वस्ती आहे, आमच्या कुही तालुक्यातून गेलेल्या माणसांची. तिथल्या बुद्धविहाराच्या दाराबाहेर, डाव्या अंगाला, देवाजी बसायचा. आत वंदना सुरू झाली की तो बाहेरूनच हात जोडायचा. नवी पोरं त्याला वेडा म्हणत. तो वेडा नव्हता. स्वतःच घातलेल्या नेमाबाहेर तो गेला नाही, एवढंच.

छप्पन्न साली देवाजी आणि रुपराव गावाहून पायी नागपूरला आले, दीक्षा घेतली आणि परत गेलेच नाहीत. देवाजी गिरणीत लागला, रुपराव गवंडी झाला. एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले, एका चादरीखाली हिवाळे काढले.

अडुसष्ट साली वस्तीने विहार बांधायला घेतला. सुट्टीच्या दिवशी ज्याला जे येतं त्याने ते करायचं. मजुरी कोणालाच नाही. पाया खणण्याआधी देवाजी उभा राहिला. बोलण्यात तो हळू.

"इथं मजुरी नाही भेटत," तो म्हणाला. "मंग काय भेटल? गावात मले लोक 'ए' म्हणत. माया बापालेही 'ए'च. इथं कोणी कोणाले तसं म्हणाचं नाही. कोणी चुकलं तं बाजूले घेऊन सांगाचं. ज्यानं कोणाचं मन तोडलं त्यानं हातातलं खाली ठेवाचं अन् घरी जाचं. त्याच माणसाले, याच जागी, सगळ्यांसमोर 'चुकलं' म्हणल तवाच आत पाऊल टाकाचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रुपराव हसला. "म्हणजे आता तुलेही 'देवाजीभाऊ, तुमी' म्हणू का गा? सकाळी माया ताटातली भाकर कोणं पळवली?"

"घरी तू. इथं तुमी."

"बरं गा. तुमी तं तुमी."

लोक हसले. त्या दिवशी माती फार लवकर निघाली.

गवंडीकाम जाणणारा हात एकट्या रुपरावचा. बाकीचे घमेली उचलणारे. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या बंगल्यांना कमानी घातल्या होत्या. वस्तीत एकाही दाराला कमान नव्हती. "ह्या दाराले मी घालीन," तो म्हणे. देवाजी कामावरून येताना थांबून त्या रिकाम्या जागेकडे बघत राही, जणू कमान आहेच.

विटा भिजवायचं काम तुळसाबाईकडे होतं. विधवा बाई, विड्या वळून जगायची. ज्या गावची ती, तिथे तिला विहिरीला हात लावता येत नव्हता. कोणी वरून ओतलं की ओंजळ धरायची. पाणी उधळायला तिचा हात शिकलाच नव्हता. विटा हौदात बुडवायच्या सोडून ती त्यांवर नुसतं शिंपडायची, आणि हौदातलं पाणी जपून ठेवायची. कोरड्या विटा गाऱ्यातलं पाणी पिऊन बसल्या. दाराचे दोन्ही खांब उभे झाले, रुपरावने वरची वीट हलवून पाहिली, तर ती हलत्या दातासारखी हातात आली.

"विटा कोणं भिजवल्या?" तो बांबूच्या परांचीवरून ओरडला.

"म्या," तुळसाबाई म्हणाली. "पाणी वाया जाते म्हणून..."

"वाया? अजून त्या विहिरीवरच उभी आहे का वं तू? पाटलीण येऊन वाढल म्हणून? दीक्षा घेतली अन् ओंजळ तशीच!"

तुळसाबाईने हात पदराला पुसले. पुसतच राहिली.

"रुपरावभाऊ," देवाजी म्हणाला, "थापी खाली ठेवा."

"खोटं बोललो का मी?"

"खोटं नाही. पण ठेवा."

"मी गेलो तं कमान कोण घालल? तुमी?"

"नाही झाली तं नाही झाली."

रुपरावने थापी ठेवली आणि घरी गेला. 'चुकलं' म्हणायला परत आला असता तो, माझा जीव सांगतो. पण येताना सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागल्या असत्या. मग तुळसाबाईही येईना. "माया पायी मोडलं," म्हणायची. चंपतराव नावाचे एक म्हातारे देवाजीला म्हणाले, "बोलला तं बोलला. काम तं करत होता ना गा?" देवाजीने घमेलं उचललं. दारावर शेवटी लोखंडी पट्टी टाकली. तुळसाबाईही पुढे वंदनेला येऊ लागली. पण दोन मित्र एकाच गल्लीत राहून एकमेकांशी बोलले नाहीत. वर्षं गेली.

पुढे रुपरावची छाती धुळीने भरली. त्याने निरोप धाडला, तसा देवाजी गेला.

"बस गा."

"कसे आहात?"

"आहात! इथं तरी तू म्हण ना. हे काई विहार नोहे."

देवाजी खाटेशी बसला, पण शब्द त्याने बदलला नाही.

"तुळसाबाईले सांगशील? चुकलं म्हणाव रुपरावचं."

निरोप न्यायला गल्ली ओलांडायची होती, बस. पण देवाजी म्हणाला, "ते तुमालेच म्हणा लागल. त्याच जागी. सगळ्यांसमोर."

रुपराव हसला आणि हसता हसता खोकला. "मले कूस बदलता येत नाही, अन् तू नेम सांगून राहिला." त्याने तोंड भिंतीकडे केलं.

सुट्टीच्या दिवशी खाट उचलून त्याला विहारात न्यायचं देवाजीने मनात ठरवलं होतं. त्यासाठी बांबू आणून ठेवले. त्याआधीच रुपराव गेला. ते बांबू तिरडीला लागले.

वंदनेच्या दिवशी देवाजीने सगळ्यांसमोर निरोप सांगितला, आणि आपण तो का नेला नव्हता तेही. मग हातातला झाडू खाली ठेवून तो बाहेर गेला. तुळसाबाई मागे धावली.

"देवाजीभाऊ, म्या त्यायले कवाच माफ केलं. तुमी काहून बाहेर?"

"मरत्या माणसाचं मन तोडलं म्या, बाई."

"मंग आत येऊन 'चुकलं' म्हणा."

"कोणाले म्हणू?"

त्या दिवसापासून तो दाराबाहेरच बसू लागला. ती त्याच्यासाठी पाण्याचा लोटा आणू लागली, काठोकाठ भरून. वाटेत पाणी सांडे, ते ती जपत नसे.

देवाजी गेला तेव्हा पोरांनी तिरडी दाराशी आणली. आत न्यावी म्हणून रेटारेटी झाली. तुळसाबाई त्या सरळ पट्टीखाली आडवी उभी राहिली.

"आत नका नेऊ रे," ती म्हणाली. "त्यायले चालणार नाही."