आवाज सारखा करणारी उज्ज्वला

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे उज्ज्वला आडेचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या कव्हरांनी झाकलेली भिंत. तरी हैदराबादकडे निघालेले ट्रकवाले तिथं मुद्दाम गाडी उभी करतात. उज्ज्वलानं गाणी भरून दिलेल्या पेनड्राइव्हला आवाज दर गाण्याला कमी-जास्त करावा लागत नाही. एक गाणं पुटपुटतंय आणि पुढचं कानठळ्या बसवतंय, असला कारभार तिच्याकडे नाही. "गाणे भरून देणारे गल्लोगल्ली हायेत," ती म्हणते, "सारखा आवाज मीच देते." या बाबतीत बाईला गर्व आहे आणि तो लपवायची तिला गरजही वाटत नाही.

त्या शनिवारी मात्र तिचा गर्व पार जमिनीवर आला.

दुपारी दीड वाजता खेमसिंग राठोड दुकानात शिरला. आठ किलोमीटरवरच्या तांड्यातला माणूस, कपड्यांवर हळदीचे डाग, काखेत गाणी लावायचा बॅटरीवरचा बॉक्स, हातात जुना फोन. सकाळी त्याच्या पोरीचं, जमनीचं लग्न लागलं होतं आणि चार वाजता तिची पाठवणी होती.

"याच्यात तिच्या याडीचा ढावलो हाय," तो म्हणाला. "पण बॉक्सवर ऐकूच येत नाही व बाई. काहीतरी कर."

उज्ज्वलाही बंजाऱ्याचीच पोर, तिला जास्त सांगावं लागलं नाही. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. तिची याडी, म्हणजे आई, तिला गाऊनच उत्तर देते. जमनीची आई मानीबाई पोळ्याआधी आजारानं गेली होती. जायच्या दोन महिने आधी तिनं शेजारच्या लीलाबाईला हाताशी धरून, बाकी सगळ्यांना घराबाहेर काढून, आपलं उत्तर फोनमध्ये गाऊन ठेवलं होतं. आता लेक गाणार आणि उत्तर बॉक्समधून येणार. आलं नाही, तर भरल्या मांडवात पोर एकटीच गात राहणार.

"पाच मिनिटांचं काम हाय, काका," उज्ज्वला म्हणाली. बोलून बसली बिचारी.

तीन वाजता लाइनच्या कामासाठी लाईट जाणार होती, तासभर तरी येणार नव्हती. तिनं फाईल बॉक्सला चालेल अशी बदलली, आवाज सारखा करण्याच्या चौकोनात टिक केली आणि पेनड्राइव्ह बॉक्सला लावला. 'हालो! जमनी! हालो!' अशी जोरदार हाक आली. मग गाणं सुरू झालं म्हणायचं, पण ते बंद दाराआडून आल्यासारखं. बॉक्स बिघडला असेल म्हणून तिनं एका ट्रकवाल्याचं गाणं लावलं. दुकान दणाणलं. बॉक्स ठणठणीत होता.

गंमत अशी की कॉम्प्युटरवर तीच फाईल जरा बरी वाजत होती. बऱ्याच वेळानं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या प्रोग्रॅमनं आवाजाला हात लावलाच नव्हता, नुसती 'एवढा वाढवून वाजव' अशी चिठ्ठी फाईलला जोडली होती. कॉम्प्युटर ती चिठ्ठी वाचतो, बॉक्स कशाला वाचतोय! तिनं सेटिंग बदलून मूळ आवाजच वाढवायला लावला. तरी फरक पडला नावापुरता.

सव्वादोन झाले. तांड्यातून फोन आला, पाहुणे घाई करून राह्यले म्हणून. खेमसिंग दारात उभा होता, आणि त्याचं तेच उभं राहणं उज्ज्वलाला सहन होईना. शंभरदा केलेलं काम आज होत नव्हतं, तेही असल्या वेळी.

शेवटी तिनं गाण्याच्या आवाजाची चढ-उतार दाखवणारी आकृती पडद्यावर मोठी करून पाहिली. सुरुवातीला ताडासारखा उंच सुळका, आणि पुढं सगळं सपाट.

"काका, काकू हालो कायले म्हणाल्या?"

"तिले रेकॉर्डिंग काय समजे? जमनी यवतमाळले होस्टेलवर होती, तिले फोनवर असंच ओरडून बोले. फोन तोंडाशी धरला का पहिले हालो."

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला. मानीबाईनं फोन तोंडाशी धरून हाक मारली होती, मग तो मांडीवर ठेवून हळू आवाजात गायली होती. कॉम्प्युटर सगळ्यात मोठा आवाज फाटू नये एवढंच पाहून बाकीचं वाढवतो. हाक आधीच माथ्याला टेकलेली, मग गाणं वर येणार कसं?

"हालो कापून टाकते. मंग सरळ हाय."

"नाही!" खेमसिंग पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "पोरीले मारलेली हाक हाय थे. कापू नको."

अडीच वाजून गेले होते. तिनं तेवढीच हाक निवडली, तिचा आवाज दाबून गाण्याच्या बरोबरीला आणला आणि मग सगळं एकदम वाढवलं. बॉक्समधून मानीबाई गायला लागली. खोकला आवरत, पण स्वच्छ, शब्द न् शब्द. खेमसिंग मटकन स्टुलावर बसला. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

गाणं संपलं, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. आजवर कुणालाच न ऐकू आलेलं मानीबाईचं कुजबुजणं आता मोठं झालं होतं. "लीला, फोन बंद झाला न? ऐक. दवाखान्यातलं समदं मले समजलं हाय. हे मले रोज सांगतेत, पोळ्यापर्यंत बरी होशील म्हणून. सांगू दे. त्यायले धीर येते. तू काही बोलू नको."

खेमसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. सहा महिने तो बायकोशी खोटं बोलला होता, आणि आपण तिला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही, याच समाधानावर जगत होता.

"हे... ठेवू का, काका?" उज्ज्वलानं घाबरतच विचारलं.

"पेनड्राइव्हमधून काढ. पोरीले आज नको. माह्या फोनात राहू दे."

तिनं ते काढलं, पेनड्राइव्ह पुन्हा भरला, आणि दोनच मिनिटांत लाईट गेली, पंखा बंद पडला. दुकानाचं शटर ओढून ती खेमसिंगच्या मोटारसायकलवर मागे बसली. हे काम नुसतं देऊन मोकळं व्हायचं नव्हतं.

चार वाजता मांडवात जमनीनं ढावलो सुरू केला. ती उत्तरासाठी थांबली, उज्ज्वलानं बॉक्स सुरू केला, आणि त्यातून आधी हाक आली, मागून गाणं. तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. बाया पदर तोंडाशी धरून रडत होत्या. जमनी बॉक्सला मिठी मारून गात होती.

गाणं संपलं तेव्हा खेमसिंग पुढं झाला. त्यानं बॉक्सवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत म्हणाला, "मी खोटं बोललो तुझ्याशी, मानी. मलाच धीर नव्हता." लोकांना वाटलं, पोरीच्या दुःखानं माणूस काहीबाही बोलतोय. त्याला धरून बाजूला न्यायला दोघं-तिघं पुढं आले. उज्ज्वलानं त्यांना हातानं थांबवलं आणि त्याला बोलू दिलं.