दत्तूभाऊची पुढून उघडणारी गाडी

दत्तूभाऊच्या गाडीचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो. मी एक सांगावा, तोवर माझा दोस्त बाळू दुसरा सुरू करतो!

दत्तूभाऊचं बीडला गॅरेज. ही गाडी त्याला चकलांब्याच्या एका गोठ्यात सापडली. जुन्या जमान्यातली, इवलीशी, दोनच माणसांची. आख्खं तोंड म्हणजेच दरवाजा, फ्रिजसारखा पुढून उघडायचा. रिव्हर्स गिअर न्हाईच! आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. गोठ्याचा मालक म्हणाला, "न्या की!" दत्तूभाऊ म्हणाला, "पिल्लं निघू द्या, मग नेतो." आन खरंच थांबला बाबा!

*

पुण्याच्या एका साहेबांना जुन्या गाड्या जमवायचा लई नाद. फोटो बघून ते फोनवर म्हणाले, "तयार झाली की मीच नेणार." दत्तूभाऊनं शब्द दिला. मग रंग दुधाच्या सायीसारखाच पाहिजे म्हणून त्यानं घरून सायीची वाटी मागवली. रंग जुळला. साय बाळूनं खाल्ली!

*

इंजिन बसायच्या आधी एकदा संध्याकाळी गेलतो. गाडी विटांवर, आन आत दत्तूभाऊ आन वहिनी बसलेले! काचेवर सगळं केशरी ऊन.

"कुठं निघालाव?" मी इचारलं.

"महाबळेश्वरला," दत्तूभाऊ स्टिअरिंग वळवत म्हणाला. "बोलू नको बे, घाट लागलाय!"

वहिनींनी डोळे मिटलेले, पदर मात्र घट्ट धरलेला. वाऱ्याची झुळूकबी नव्हती. मग मीबी हळूच बोलायला लागलो.

*

गाडी चालू झाल्यावर पहिली पूजा लिंबागणेशच्या गणपतीला. बाळू आन मी मागून मोटारसायकलवर. हौसेच्या भरात दत्तूभाऊनं गाडी थेट देवळाच्या पायरीला नाक लावून उभी केली. आता दरवाजा उघडंना! पुजाऱ्यानं काचेलाच गंध लावलं. शेवटी बाळूनं आन मी गाडी मागं ओढली. वहिनी उतरून म्हणाल्या, "एवढं निवांत दर्शन जन्मात झालं न्हाई!"

*

परत येताना मेंढरं आडवी आली. मेंढरांमागच्या म्हाताऱ्यानं गाडीवर हात फिरवला. "लई लहान हाय हो. हिची आई कुठं हाय?"

"पुण्याला," दत्तूभाऊ म्हणाला. "न्यायला येणार हायेत."

बीड येईस्तोवर त्यानं गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली. गाडी द्यायचा जीव होत नव्हता, आन शब्दबी मोडवत नव्हता. मलाच लई वाईट वाटलं.

*

साहेब टेम्पो घेऊन आले. बघतो तर गाडी गॅरेजच्या भिंतीला नाक लावून उभी! आत दत्तूभाऊ आन वहिनी, मांडीवर भाजलेल्या शेंगा.

साहेबांनी काच वाजवली. "दत्तूभाऊ, बाहेर या!"

"दरवाजा उघडत न्हाई साहेब," दत्तूभाऊ खिडकीच्या फटीतून म्हणाला. "मी शब्द दिलाय. गाडी तुमचीच हाय, न्या की!"

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. "जरा मागं ओढता का?"

बाळू आन मी टेम्पोचं टायर बघायला लागलो.

साहेब खिडकीशी वाकले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना!"

वहिनींनी डोळे मिटलेले, पदर घट्ट धरलेला.

"बोलू नका साहेब," त्या म्हणाल्या, "घाट लागलाय!"